मुक्यानं आणलेलं औषध

१९७४ साल. तेव्हा माझं वय एकतीस. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, चार ओळी लिहिल्या की हात दुखतो. पण ही गोष्ट दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखी नाही.

आष्ट्याजवळ मळ्यात आमची वस्ती. घरात आई, बायको आणि मी. त्या वर्षी बायको जत्रेला माहेरी गेली, कराडच्या बाजूला, आणि तिथं तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. तिच्या भावानं कराडात नेऊन छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. तिला पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "दाजी, सुया सुरू करायला पायजेत. लय दिवस घ्याव्या लागत्यात. न्हाईतर जगायची न्हाई ती."

मी म्हणालो, "माझ्या घरात सुई न्हाई."

त्याला कारण होतं. पाच वर्षांपूर्वी वडिलांना सांगलीला नेलं होतं. अंग सुजलेलं, पण गाडीत बसून माझ्याशी बोलत होते. कुठल्या सरीला पाणी लावायचं राहिलंय ते सांगत होते. दवाखान्यात सुई टोचली आणि दिवस मावळायच्या आत ते गेले. तुम्हीच आणायला उशीर केला, असं लोक म्हणाले. मी मानलं नाही. बोलता माणूस सुईनंतर गप्प झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

नदीपलीकडं झाडपाल्याचं औषध देणारे एक म्हातारे होते. त्यांचा रिवाज कडक. रविवारीच जायचं, अनवाणी, उपाशीपोटी. घरातून निघाल्यापासून औषध रोग्याच्या पोटात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की मुळीचा गुण गेला. आणि ज्या अंगाला सुई टोचली त्याला हे औषध लागत नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते लगेच पटलं.

आठ महिने मी जात राहिलो. एक रविवार चुकवला नाही. नावेत लोक टिंगल करायचे.

"ह्यो जन्माचाच मुका हाय का रं?"

"न्हाई गड्या, लगीन झाल्यापास्नं झालाय!"

सगळी नाव हसायची. मी पाण्याकडं बघत बसायचो. उन्हाळ्यात एकदा बाभळीचा काटा टाचेत मोडला, तरी तोंडातून हूं की चूं केलं नाही. पावसाळ्यात नाव बंद झाली तेव्हा लांबच्या पुलावरून फेरा घालून गेलो. घरी येऊन मुळी उगाळायची, शेळीच्या दुधात कालवायची आणि वाटी तिच्या हातात द्यायची. तिनं वाटी रिकामी केली की माझं तोंड उघडायचं.

"कडू हाय?"

"लय," ती म्हणायची.

रविवारची वाटी माझ्यासमोर व्हायची. बाकीच्या दिवशी आई द्यायची, कारण मी पहाटेच उसात जायचो. आईनं त्याच सुमाराला देवीला नवस बोलला होता. दर मंगळवार-शुक्रवारी सुनेला घेऊन इस्लामपूरला देवळात जायचं. दोघी सकाळच्या एस.टी.नं जायच्या आणि दुपारी कपाळाला कुंकू लावून यायच्या. एका बाजूनं माझी मुळी आणि दुसऱ्या बाजूनं देवी, मग रोग कुठं राहतोय, असं मला वाटायचं.

आणि गुण येत होता. ताप गेला, अंग धरलं, आषाढात ती भांगलायला शेतात उतरली. मी छाती काढून फिरायला लागलो. जवळच्या वस्तीवर माझा एक दोस्त राहायचा. त्याच्या धाकट्या भावाला तोच रोग होता आणि तो सुया घेत होता. मी त्यांच्या अंगणात बसून म्हणालो, "कशाला अंगाला भोकं पाडून घेतोस रं? माझ्या बायकोकडं बघ." त्यांनी बघितलं. सुया बंद केल्या. मग मी रविवारी दोन पुड्या आणायला लागलो.

भाद्रपदात आई तापानं पडली. मंगळवार चुकला, शुक्रवारही चुकला. सोमवारी दुपारी मी गोठ्यात होतो, तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक नर्सबाई घामाघूम होऊन दारात आली. तिच्या हातात एक कार्ड होतं.

"पेशंट कुठंय? दोन सुया चुकल्यात. एवढे महिने नेमानं आली आणि आता शेवटाला चुकवायचं?"

"कुणाच्या सुया, बाई?"

तिनं कार्ड बघितलं, मला बघितलं. "तुमच्या मंडळींच्या. दर मंगळवार-शुक्रवारच्या. तुम्ही मालकच ना?"

बायको पिठाचे हात घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. तिचं तोंड बघून मला काही विचारायचं राहिलं नाही. उद्या या, असं तिला बजावून नर्सबाई निघून गेली.

मी आईच्या अंथरुणापाशी गेलो. "आये, देवी?"

पांघरुणातून आवाज आला, "देवळातबी जात हुतो की. दवाखान्यातनं येताना."

"आन् मुळी?"

बायको म्हणाली, "रविवारची पीत हुते, तुमच्या म्होरं. बाकीची गोठ्यामागं, कर्दळीत वतली."

आठ महिने. काटा मोडलेला पाय, नावेतलं हसू, तोंड शिवून केलेली ती सगळी चाल. आणि या दोघी माझ्यासमोर बसून बघत होत्या. ती 'लय कडू' म्हणायची आणि मी मान हलवायचो.

"दोघींनी मिळून गाढव केलं मला," मी म्हणालो.

आई उठून बसली. "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस? खरं बोल. तुझ्या हेक्यापायी मेली असती रं ही."

जाऊ दिलं नसतं. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत होतं याचाच मला जास्त राग आला. बायको जगली हे मला दिसत होतं, तरी राग जात नव्हता. आज पन्नास वर्षं होत आली. तो सगळा गेला असं म्हणालो तर खोटं होईल.

मग बायको हळूच म्हणाली, "तुमच्या दोस्ताच्या भावाचा खोकला परत वाढलाय. काल त्यांची आय हिरीवर रडत हुती. थुंकीत रगत दिसलं म्हनं."

मी विचारलं, "तू काय सांगितलंस तिला?"

"काय सांगनार?"

"तुझी सुई चालू, आन् त्याची बंद झालेली बघत बसलीस?"

"आवं, बंद तुमी केलीसा. मी तोंड उघडलं असतं तर माझीबी बंद झाली असती."

ती रडली नाही. आईनं भिंतीकडं तोंड केलं. मी बाहेर आलो आणि बैलांना वैरण टाकली. रात्री जेवलो नाही. त्यांनीही वाढायचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली. बायकोला बस म्हणालो नाही. ती आपण होऊन मागं बसली. इस्लामपूरच्या वाटेला लागायच्या आधी मी गाडी दोस्ताच्या अंगणात नेली. तो दात घासत होता. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "माझ्या बायकोला मुळीनं गुण आलेला न्हाई. ती आठ महिनं सुया घेतीया. मला ठावं नव्हतं. भावाला गाडीत घाल."

त्यानं हातातली मिसरी टाकून दिली. मला वाटलं, आता शिव्या घालतोय, नाहीतर मारतोय. तो आत गेला आणि भावाला पाठीवर घेऊन बाहेर आला. बायकोनं सरकून जागा केली. मी बैलांचे कासरे धरून उभा राहिलो.