दादानं पुसलेली बाजू

यवतमाळहून दादाची औषधं घेऊन मी परतत होते. नेरच्या स्टँडवर उतरले, तोच शेजारच्या नलूवहिनींचा फोन आला. "कुठी आहा ताई? लवकर घरी या," एवढंच म्हणाल्या. एरवी त्या फोनवर अर्धा तास बोलतात, त्यामुळे समजायचं ते मी समजले. दादाच्या उशाशी बसले तरी औषधांची पिशवी कितीतरी वेळ माझ्या हातातच होती… त्याला आता दीड महिना होईल.

माझा हा थोरला भाऊ पोलिसांच्या शस्त्रागारात होता. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बंदुका उघडण्यात आणि पुसण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर गड्यानं रीतसर परवाना काढून स्वतःचं स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर घेतलं! "कोन दरोडा टाकते तुह्याकडं? घरात चार भांडे अन् मी," असं मी त्याला चिडवायचे. नेमबाजीच्या मैदानाबाहेर त्यानं ते कधी झाडलं नाही. पुसायचा मात्र नेमानं, दुपारी चार वाजता, खाटेवर बसून. आधी रिकामं आहे ना, ते दोनदा बघायचा. गोळ्या पलीकडच्या खोलीत कुलपात असायच्या. मग मऊ ब्रश, जुन्या बनियनचा तुकडा आणि तेलाचा एकच थेंब. त्या स्टीलवर बारीक रेषा असतात. त्या जिकडे जातात तिकडेच हात न्यायचा, आडवा नाही, गोल तर नाहीच नाही. एकदा केळापूरकडचे एक ओळखीचे गृहस्थ स्वतःचं रिव्हॉल्व्हर तारेच्या घासणीनं घासून, कौतुकानं दाखवायला घेऊन आले. दादा त्यांना चहासुद्धा विचारायला विसरला. ते गेल्यावर मला म्हणाला, "स्टेनलेस म्हंजे डाग लागतच नाई, असं नाई वं शालू. उशिरा लागते, इतकंच."

दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची, पण दादाच्या पद्धतीनं. रिव्हॉल्व्हर कोरड्या कापडावर, फूल आणि आपट्याची पानं बाजूला, हळदकुंकू लांबूनच. यंदा दसऱ्याआधी त्याची उजवी बाजू गेली. हात उचलेना, जीभ जड झाली. मी घाबरले होते. म्हटलं, यंदा तरी पूजा नीट होऊ दे, म्हणजे हा बरा होईल. मी रिव्हॉल्व्हरवर पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू दोन्ही बाजूंना भरपूर लावलं, नमस्कार केला आणि तसंच चामड्याच्या कव्हरात घालून त्याच्या खाटेखालच्या पेटीत, ब्रश आणि तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून दिलं. तो पडल्या पडल्या बघत होता. "आजच पूस," म्हणाला. मी हो म्हटलं. तेवढ्यात सोनं द्यायला माणसं आली आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "पुसलं काय वं?"

"हो."

खोटं बोलले. का बोलले, ते अजून कळत नाही. आजारी माणसाच्या तक्रारीला कंटाळले होते, हे खरं आहे. पुढे तो रोज विचारायचा, मी रोज हो म्हणायचे, आणि दिवस जातील तसं ते कव्हर उघडायची मला भीती वाटायला लागली. दुपारी मी स्वयंपाकघरात असले की त्याच्या खोलीतून आवाज यायचा… खस्… खस्… बराच वेळ. पाय खाजवत असेल, असं वाटायचं. एकदा बघायला गेले, तर त्यानं डाव्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "पुसलं काय?" त्यानं विचारलं. "कितीदा सांगू? पुसलं!" मी खेकसले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं."

तो गेल्यावर ठाण्यातून निरोप आला, हत्यार जमा करा. मी पेटी उघडली. कव्हर बाजूला पडलं होतं. रिव्हॉल्व्हरची एक बाजू स्वच्छ होती, प्रत्येक रेष सरळ, वर तेलाचा पातळ हात. उलटं केलं, तर दुसऱ्या बाजूला हळदीचे पिवळे-काळे ओघळ आणि कुंकवाखाली गंजाचे बारीक खड्डे. दादानं एका हातानं, डाव्या मांडीशी दाबून धरून, जमेल तेवढं पुसलं होतं. उलटं करून धरणं काही त्याला साधलं नसावं. मला रोज विचारत होता तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं.

उरलेली बाजू मी पुसायला बसले. ब्रशनं डाग हलेनात. मग मला रडू आलं, रागही आला, आणि मी सरळ भांडी घासायची घासणी आणली. ते ठाण्यात घेऊन गेले, तर तिथला हवालदार दादाच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं रिव्हॉल्व्हर उजेडात धरलं. "ही बाजू सरांची," तो म्हणाला. मग उलटं करून थांबला. "अन् हे… भांडे घासल्यावानी कोनं घासलं?"

"मी," एवढंच बोलले. त्यानं कागद पुढे सरकवला. कागदावर सही केली आणि रिकामं कव्हर घेऊन घरी आले.

ती पेटी मी शेजारच्या एका मुलाकरवी माळ्यावर टाकली, खाट नलूवहिनींच्या घरी दिली. खोलीत आता काहीच नाही. तरी चार वाजले की आवाज येतो… खस्… खस्… पहिले काही दिवस मी देवाचं नाव घेत बसायचे. वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "उंदीर असन जी." असेलही. परवा मात्र मला राहवलं नाही. दारात जाऊन उभी राहिले आणि त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "दादा, नाई पुसलं. एकबी दिवस नाई पुसलं."

आवाज थांबला. मी चौकट धरून उभी होते… थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला, सावकाश, थकलेल्या माणसानं दुसऱ्या बाजूला हात घालावा तसा.