उजेड खाणाऱ्यांच्या घरी दोन कोळंब्या

१९९८ साली मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आले आणि जयनगरच्या नवव्या ब्लॉकात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. खोली दाखवताना घरमालकीण चंपाअक्कांनी दोनच अटी घातल्या. मांसमच्छी तर नाहीच, पण अंडंसुद्धा घरात यायला नको. आणि खालच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीला हात लावायचा नाही. पहिली अट मी पाळली, म्हणजे घरात पाळली. ऑफिसच्या कॅन्टीनला अक्कांचा कायदा लागू नव्हता. दुसरी मोडायची माझी छातीच झाली नाही, कारण टाकीशेजारी अक्कांचे यजमान कल्लाप्पाअण्णा उभे होते आणि त्यांनी एका डोळ्यात घड्याळजीचं भिंग अडकवलं होतं. त्या भिंगातून त्यांनी मलाही एकदा पाहून घेतलं.

अण्णा मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत मुकादम. अण्णा विशीत बंगळूरला आले आणि घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटले, ते सव्वीस वर्षं तिथेच. तयार घड्याळ त्यांच्या टेबलावर आलं की ते म्हणायचे, "आठ दिस चालू दे, मग बोलू." कारखान्यात ते ठीकच होतं, पण अण्णांनी ही सवय घरी आणली. नवा कुकर आठ दिवस तपासणीवर असायचा. नवीन दूधवाला आठ दिवस. थोरल्या मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांना काही ना काही निमित्त काढून आठ दिवस लटकवलं होतं, असं अक्का अजून रागाने सांगतात. मला भाडेकरू म्हणून नवव्या दिवशी मंजुरी मिळाली. अक्कांनी त्या दिवशी खाली बोलावून पोळीबरोबर शेंगाची चटणी वाढली, तेव्हा मला ते कळलं.

ज्या माणसाने तिशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता त्याच्या घरात समुद्र कसा आला, याची गोष्ट अण्णा आनंदाने सांगायचे. कारखान्याची सहल मलपेच्या समुद्रकिनारी गेली होती. बाकीचे लोक पाण्यात डुंबत होते आणि अण्णा ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर उकिडवे बसले होते. खडकातल्या वाटीएवढ्या पाण्यात काहीतरी फुलासारखं उघडत होतं आणि सावली पडली की मिटत होतं. "बस निघाली तरी मी उठलो न्हाई," अण्णा म्हणायचे, "हाताला धरून न्यावं लागलं." पुढे दहा वर्षं त्यांनी मिळेल ते वाचलं, भेटेल त्याला विचारलं, आणि मग चार फुटी टाकी बांधून घेतली. खारं पाणी मंगळूरच्या बसच्या टपावरून कॅनमधून यायचं. दर दुसऱ्या रविवारी सकाळी अण्णा बसस्टँडवर जाऊन ते कॅन ऑटोत घालून आणत. ऑटोवाले आधी नाही म्हणत, मग आत नक्की काय आहे ते पाहायला घरापर्यंत येत.

हे लिंगायताचं घर. अक्कांचे वडील आप्पाजी गावच्या मठातल्या दासोहाचं स्वयंपाकघर सांभाळत. दासोह म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण, नावगाव न विचारता. त्या घरातून आलेल्या अक्का मासे पाळायला तयार झाल्या, पण त्या माशांना मांसाचा घास घालायला त्यांचा ठाम नकार होता. मग अण्णांनी डोकं लढवून जगात क्वचितच असेल अशी टाकी उभी केली: अख्खी शाकाहारी. एक निळा सर्जन मासा, जो शेवाळ आणि पालकावर खूश. एक दगडावरचं शेवाळ खरवडत फिरणारा बुटका मासा. आणि मधोमध खडकभर पसरलेलं बटणांसारखं प्रवाळ. हे प्रवाळ एका नखाएवढ्या तुकड्यापासून पाच वर्षांत वाढलं होतं. सकाळी दिवे लागले की शेकडो हिरवी-नारिंगी तोंडं एकेक करून उघडत. "हे जगतं कशावर?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा अण्णांच्या आधी अक्काच बोलल्या, "उजेड खातंय ते. आमच्यापेक्षा सोवळं हाय." त्या अगदी अभिमानाने बोलल्या. मला वाटतं, या एका गुणासाठी त्यांनी टाकीचे सगळे लाड सहन केले.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता सर्जन माशाच्या अंगावर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके आले. तो दगडाला अंग घासत फिरू लागला. ठिपके म्हणजे परजीवी किडे. त्यावर तांब्याचं औषध असतं, पण ते टाकीत घातलं की पाच वर्षांचं प्रवाळ मेलंच म्हणून समजायचं. मासा वाचवावा तर प्रवाळ जातं, प्रवाळ वाचवावं तर मासा. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. शेवटी ते फोर्थ ब्लॉकमधल्या दयानंदकडे गेले. दयानंद कारवारचा, माशांचं लहानसं दुकान चालवायचा, आणि गिऱ्हाइकाला उगाच काही गळ्यात मारायचा नाही. तो म्हणाला, "औषध नको. एक कोळंबी असते, ती माशाच्या अंगावरचे किडे वेचून खाते. कितपत उपयोग होईल ते सांगत नाही. पण प्रवाळाला धक्का लावत नाही, बरोबर जात घेतली तर."

ही बातमी घरी सांगायचं धाडस अण्णांनी मी समोर असताना केलं. परक्यापुढे बायको कमी चिडते, हा नवरे मंडळींचा जुना हिशोब.

"कोळंबी?" अक्का म्हणाल्या. "ह्या घरात?"

"खायला न्हाई गं. पाळायला."

"ती किडे खाणार की न्हाई?"

"सेवा करतीय ती. माशाची पीडा काढतीय."

अक्कांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "येऊ देत. पण तिच्यासाठी म्हणून घरात मांसाचा कण आणायचा न्हाई. शब्द द्या."

"तिला वेगळं काय लागतच न्हाई," अण्णा म्हणाले, "माशाच्या अंगावरचंच तिचं जेवण." आणि शब्द देऊन मोकळे झाले. माझ्यासमोर दिला, म्हणून मी साक्षीदार.

दयानंदकडे दोन टबांत दोन जातींच्या कोळंब्या आल्या होत्या. एक लालपांढऱ्या जाळीची, पाठीला कुबड, डोळे मोठ्ठे, फार देखणी. दुसरी पिवळट अंगाची, पाठीवर लाल पट्टा आणि त्यात मधोमध एक पांढरी रेघ, लांबलचक पांढऱ्या मिशा. मला देखणी आवडली आणि मी तसं बोलून दाखवलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात 'स्थळ बघताना हिला नेऊ नये' असा अर्थ स्पष्ट होता. त्यांनी घरून आपल्या प्रवाळाचे दोन तुकडे डब्यात आणले होते. एकेका टबात एकेक तुकडा ठेवला आणि दयानंदला म्हणाले, "आठ दिस राहू देत."

"अण्णा, तुमचा मासा आजारी आहे ना?"

"हाय की. म्हणूनच चूक चालणार न्हाई."

रोज कारखान्यातून सुटल्यावर अण्णा दुकानात जाऊन, डोळ्याला भिंग लावून, टबावर ओणवे व्हायचे. गिऱ्हाइकं त्यांनाच दुकानदार समजून भाव विचारायची. पाचव्या दिवशी कुबडवालीच्या टबातल्या तुकड्यावर एकही तोंड शिल्लक नव्हतं, नुसता बोडका दगड. पांढऱ्या रेघेच्या टबातला तुकडा आठव्या दिवशीही फुललेला होता. नवव्या दिवशी अण्णा त्याच जातीच्या दोन कोळंब्या घेऊन आले. त्यांना पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवीत बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत ते दोन तास स्टुलावर बसले, आणि मग त्यांना आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारून खाली बोलावलं. दोघी एका कपारीत उभ्या राहून मिशा हलवत होत्या. सर्जन मासा त्यांच्यापुढे येऊन, कल्ले पसरून, अगदी निमूट उभा. एक त्याच्या अंगावर चढून टिपत होती. अक्का लांबून पाहत होत्या. "सलून उघडलंय जणू," त्या म्हणाल्या, आणि पुढे यायचं नाही असं ठरवलेलं असूनही दोन पावलं पुढे आल्या. तीन आठवड्यांत मासा स्वच्छ झाला. अण्णा पुन्हा पोटभर जेवू लागले आणि कारखान्यात त्यांनी म्हणे सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

सगळं असं सुरळीत चालल्यावर महिन्याभराने प्रवाळ मिटू लागलं. आधी एका कडेची दहा-बारा तोंडं उघडेनात. मग मधली. अण्णांनी पाणी तपासलं, दिवे तपासले, मंगळूरचा कॅन हुंगून पाहिला. तिसऱ्या दिवशी भिंगातून त्यांना दिसलं. कोळंबी प्रवाळावर बसून एक तोंड चिमटीत धरून ओढत होती.

अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं. प्रवाळाचं दुःख होतंच, पण आपण तपासून, शिक्का मारून आणलेली वस्तू खोटी निघाली हे त्यांना सहन होत नव्हतं. "माझी नजर गेली," ते म्हणाले. "आता कारखान्यात काय तोंड दाखवू." एरवी मी चिडवलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दयानंदच्या दुकानात गेले.

अण्णा रागातच होते. "तू जात बदलून दिलीस," ते म्हणाले.

दयानंदने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अण्णा, तुम्ही त्यांना घालता काय?"

"घालायचं काय? माशाच्या अंगावरचं खातात."

"मासा बरा झाला ना? आता अंगावर काय आहे?"

अण्णांनी खिशातलं भिंग काढलं आणि परत ठेवलं.

"इथे टबात मी रोज जवळा भिजवून घालायचो. म्हणून तुमच्या तुकड्याला तोंड लावलं नाही. कोळंबी तीच आहे, अण्णा. उपाशी आहे."

येताना ऑटोत अण्णा बोटांवर हिशोब करत होते. जवळा आणावा तर बायकोला दिलेला शब्द मोडतो. कोळंब्या परत कराव्यात तर माशाच्या अंगावर पुन्हा ठिपके येतील. तशाच ठेवाव्यात तर महिन्याभरात खडक बोडका. घराच्या वळणापाशी त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसलं. घरी येऊन त्यांनी जाळी आणि रिकामा कॅन काढला.

अक्का ज्वारीच्या भाकऱ्या थापत होत्या. "कुठं निघालात परत?"

"कोळंब्या देऊन येतो दयानंदला."

"का? खराब निघाल्या?"

"खराब न्हाईत." अण्णांना सांगवेना. "उपाशी हाईत."

अक्कांचा हात परातीतच थांबला. "कधीपासून?"

"मासा बरा झाल्यापासून. त्यांना जवळा लागतोय, मांसाशिवाय चालत न्हाई. मी तुला शब्द दिला होता, म्हणून परत..."

"मी मांस आणू नका म्हटलं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "उपाशी मारा म्हटलं का? माझ्या घरात महिनाभर दोन जीव उपाशी ठेवलात, आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवले. आप्पाजींना कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं."

"तुझा नेम..."

"माझा नेम माझ्या ताटापुरता हाय. त्यांच्या ताटात मी कशाला हात घालू." त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, आणि माझ्याकडे वळल्या. "शाल्मली, चप्पल घाल. ते जवळा का काय म्हणतात ते मला ओळखू येणार न्हाई. तुला येत असेल."

मला येत होतं, आणि मला ते येतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं. दयानंदकडून आम्ही बिनमिठाच्या जवळ्याची पुडी आणली. अक्कांनी ती नाकाला पदर लावून, हात लांब करून, घरापर्यंत आणली. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण मी चेहरा सोवळा ठेवला. अक्कांनी एक झाकणाचा डबा, एक वाटी आणि एक चमचा कायमचा वेगळा काढला आणि गच्चीच्या जिन्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्रम ठरवून टाकला. उठल्यावर आधी कोळंब्यांचं, मग अंघोळ, मग पूजा. अण्णा म्हणाले, मी घालतो, तू कशाला हात बाटवतेस. अक्कांनी ऐकलं नाही. "महिन्याची भूक हाय. तुम्ही आठ दिस तपासत बसाल."

पंधरा दिवसांनी प्रवाळाची मधली तोंडं पुन्हा उघडू लागली. अण्णा दिवसातून चार वेळा ती मोजत आणि मला जिन्यात गाठून आकडा सांगत. पण मला आठवते ती पहिली सकाळ. अक्कांनी बाही कोपरापर्यंत सारली, भिजवलेला जवळा चिमटीत धरला आणि हात पाण्यात घातला. दोघी कपारीतून सरळ हातावरच आल्या. एकीने घास घेतला. दुसरी मनगटावर चढली आणि अक्कांच्या नखांत अडकलेलं काहीतरी टिपू लागली. अक्का दचकल्या, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला दुसरा हातही मोकळा होता, पण त्यांनी पुसले नाहीत.

पूजेची वेळ झाली. अण्णांनी दाराशी येऊन एकदा सांगितलं, मग परत सांगितलं.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या, "अजून जेवतायत."