उडणारा तलवारबाज

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबा बोलेनासे झाले होते. शब्द अडखळतात याची त्यांना लाज वाटे. एका दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून टीव्हीवर तैवानचा एक जुना, स्वस्तात काढलेला तलवारबाजीचा सिनेमा लावला. पुठ्ठ्याचे डोंगर, धुराचे ढग आणि कापडी राक्षसावर आकाशातून झेपावणारा नायक. त्याच्या पाठीला बांधलेली तार उन्हात लखलखत होती.

"बाबा, तार दिसतेय बघा!" मी हसलो.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, "पण... उडतोय."

खरंच उडत होता तो. चौकटीबाहेर कुणीतरी घाम गाळत ती तार ओढून धरली असेल. हाताशी फारसं काही नसताना त्या माणसांनी आकाशात जायचं ठरवलं होतं, आणि तार दिसेल म्हणून ते थांबले नव्हते.

बाबांचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण उडतंय हो?" म्हणत ती त्यांच्याजवळ बसली. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुम्हीच सांगा."

चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. बाबा सांगू लागले.