डबा, बिब्बा आणि पाच सुया

खोटं कशाला बोलू, सासूचा मला धाक कमी आणि लळाच जास्त. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या काळात, म्हणजे पन्नास-साठच्या मधल्या वर्षांत, वर्ध्याजवळच्या नालवाडीत आत्याबाईंना मोठा मान होता, आणि तो बिब्ब्यामुळे. लेकराला डबा झाला, म्हणजे ताप चढून छाती भरली आणि पोट उडायला लागलं, की आया थेट आमच्या ओसरीवर यायच्या. आत्याबाई सुई तापवून बिब्ब्यात खुपसायच्या आणि त्या तेलाचे चटके लेकराच्या बरगडीवर द्यायच्या. पार सिंदी मेघेहून माणसं यायची. पोर वाचलं की आत्याबाईंचा हातगुण, दगावलं की त्याचं नशीब! यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

माझी पहिली मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. थंडी कडाक्याची. पोरीला वारा लागू नये म्हणून आम्ही खिडकीत पोतं कोंबलं आणि पाळणा चुलीजवळ बांधला. केवढी आमची माया, आणि केवढा तो धूर! आधी सर्दी झाली, मग ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी तिनं दूध सोडलं. आत्याबाईंनी झबलं वर करून पाहिलं. श्वासासरशी बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"डबाच हाय. आन तो बिब्बा," त्या म्हणाल्या.

बिब्बा मीच आणून दिला. पोरीला धरलंही मीच. त्याचं मला अजून वाईट वाटतं, अगदी आतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, मी वर्ध्याले चालली," एवढंच म्हणाले आणि पोरीला गोधडीत गुंडाळून निघाले. मालक शेतात गेले होते. त्यांना विचारायलाही थांबले नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून छाती ऐकली, मग बरगडीवरचे काळे डाग पाहिले आणि मला चांगलं फैलावर घेतलं. "हा न्यूमोनिया आहे. फुप्फुसात जंतू शिरलेत. रोज एक पेनिसिलिनची सुई, पाच दिवस. ताप उतरला तरी मधेच सोडायचं नाही. समजलं?"

समजलं, म्हणाले. डोंबल समजलं!

तीन सुयांत ताप उतरला. चौथ्या दिवशी पोरगी आत्याबाईंच्या गळ्यातली पोत ओढून खिदळायला लागली. आत्याबाई हरखून गेल्या. "पाह्य कशी हासून राह्यली माय माही! आता काहाले टोचता तिले? मांडीची पार चाळण करून टाकली." मलाही तेच ऐकायचं होतं. त्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच पोरगी तापानं फणफणली आणि श्वास पुन्हा धावायला लागला.

या वेळी आत्याबाईंनीच तिला उचललं. बिब्ब्याचं नावसुद्धा काढलं नाही. पायात वहाणा नाहीत, डोक्यावर पदर नाही, आणि मी तरणीताठी बाई त्यांच्या मागून धावत होते.

"इले बोलू नका, बाई," दवाखान्याच्या पायरीवरूनच त्या ओरडल्या. "सुया म्याच बंद केल्या. चटकेबी माह्येच हायेत."

डॉक्टरीणबाईंनी आधी सुई दिली, पोरीला भरती करून घेतलं, आणि मग आत्याबाईंकडे वळल्या. "हा डबा म्हणून ओळखलंत कशावरून?" आत्याबाईंनी सांगितलं: लेकरू दूध सोडते, नाकपुड्या फुलतात, बरगडी आत जाते.

"अहो आजी, हेच मी नर्सांना शिकवते. तुमची पारख पक्की आहे. मग बिब्बा कशाला? ओळखलंत की तडक इकडे पाठवा. आणि हिच्या कपड्यांना धुराचा वास येतोय, लेकरू धुरात नका ठेवू."

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "माह्ये दोन लेकरं यातच गेले. तवा इथं आणले असते, त वाचले असते काय?"

मला हे ठाऊकच नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"तेव्हा हे औषध आमच्याकडेही नव्हतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि रडल्या. मीही रडले.

पुढं ओसरीवर येणाऱ्या आयांना त्या वर्ध्याचीच वाट दाखवायच्या. आता तर माझ्या पणतीला या जंतूची लस आधीच टोचून आणली. तेव्हा लस नव्हती, होत्या त्या सुया, आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. पहिले दोन दिवस सुई टोचली तरी पोरगी नुसती कण्हायची. रडायलाही अंगात दम लागतो, तो नव्हताच. आत्याबाई तिचा पाय धरून बसायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी सुई आत गेली आणि पोरीनं असा टाहो फोडला की सगळ्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. नर्स तिला थोपटायला पुढं आली. आत्याबाईंनी तिचा हात बाजूला सारला.

"रडू द्या तिले," त्या म्हणाल्या. "रड माय माही, रड. आणखी जोरानं रड."