हलका हात

आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या आईच्या पायांवर अंघोळ करून मोठी झाली. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, हे तिचं काम. त्या हातांच्या जोरावर मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. कॉलेजात कुणी विचारलं, तर मी हे आधी सांगायची. लाज कसली?

ती पन्नाशीत असताना छातीत गाठ निघाली. कोल्हापुरातच ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, औषधांनी गेलेले केस परत आले, आणि वर्षभरानं उजवा हात सुजायला लागला. मनगट, मग कोपर, मग दंड. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. ब्लाउजची बाही कोपराच्या वर चढेना.

मला तेव्हा पाचवा महिना होता. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी येणार होते, आणि नातवंडाला न्हाऊ आपणच घालणार, हे आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला या सुजेची मालिश शिकवली. तेल नाही, जोर नाही. कातडी नुसती सरकावी एवढाच दाब. आधी मान, मग दुसरी काख, मग सुजलेला दंड, आणि पंजा सगळ्यात शेवटी. काखेत सगळ्यांनाच ज्या बारीक गाठी असतात, त्या म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते गेले, म्हणून हातात पाणी तुंबतं, आणि साधं खरचटलं तरी ताप चढू शकतो. शेक द्यायचा नाही, रगडायचं नाही. मग मला व्हरांड्यात बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "सूज कमी होईल, पण पूर्ण जाईल असं नाही. हा हात आता जन्मभर सांभाळायचा. जड काम नको. आईंना नीट समजावून सांगा."

मला सगळं समजलं होतं. हे पाणी मी पुस्तकात शिकले होते, आकृती काढून मार्क घेतले होते. बाकावर बसलेल्या आईनं विचारलं, "काय म्हनली गं?"

मी म्हणाले, "नातवंड येईपर्यंत उतरंल म्हणाल्या."

तिचा चेहरा असा उजळला, की ते मागं घेणं मला जमलं नाही.

सासर पेठ वडगावला. दर दोन दिवसांनी मी एसटीनं यायची, आईचा हात मांडीवर घ्यायची आणि शिकवल्याप्रमाणं बोटं फिरवायची.

"ही मालिश? माशी हाकलतीस व्हय माझ्या हातावरची?"

"आई, जोर लावायचा नसतो ह्याला."

"डिग्री बी जोर न लावताच दिली काय तुला?"

"अगं, पुढचं गटार तुंबलंय. आधी पुढचं मोकळं केलं, की मागचं पाणी जातंय."

"ऑपरेशन झालं, आता हाताला गटार म्हन माझ्या."

उंबऱ्यात बसलेली शेजारीण म्हणायची, "पोरगी शिकलीया, गप करून घे की."

"शिकलीया खरं. हात शिकला न्हाय तिचा."

संध्याकाळपर्यंत हात जरा मऊ पडायचा. परत यावं, तर होता तसाच. आई बाही वर ओढून बघायची आणि विचारायची, "उतरतोय का गं?" मी म्हणायची, "उतरतोय की."

सातवा सरत आला होता. एसटीचे धक्के नकोत म्हणून आठ दिवस मला येता आलं नव्हतं. आले त्या दिवशी दारातच गरम तेलाचा आणि ओव्याचा वास आला. आई अंथरुणावर तापानं फणफणलेली. हात खांद्यापर्यंत लालभडक. उशाशी शेगडी, आणि फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी. आठ दिवस ती दोन्ही वेळा शेक घेऊन, डाव्या हातानं उजवा रगडत होती. बाळंतिणीच्या कमरेला रगडतात तसा.

"तू म्हनालीस बाळापातूर उतरंल," ती म्हणाली. "उतरंना. म्हनलं, पोरीच्या हातात दम न्हाय. आपुनच बघू."

दवाखान्यात डाव्या हाताला सलाईन लागलं. ताप चार दिवसांनी उतरला. हात मात्र आधीपेक्षा जाड झाला. मॅडमनी मला विचारलं, "समजावलं नव्हतं का तुम्ही?" मी डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत सही केली. घराण्यातली पहिली पदवीधर.

मला मुलगी झाली. न्हाऊ घालायला दुसरी बाई लावावी लागली, आईच्याच हाताखाली शिकलेली. आई न्हाणीच्या दारात पाट टाकून बसायची.

"मान धर की बाई नीट. पाठ वरनं खाली घे. अशी न्हाय, वरनं खाली!"

"मावशी, तुमच्याकडनंच शिकलोय न्हवं? बसा की निवांत."

बाई गोडच बोलली होती. पण दुसऱ्या दिवसापासून न्हाण्याच्या वेळेला आई स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली.

एका दुपारी बाळ झोपलं होतं. मी आईचा हात मांडीवर घेतला. दंडापर्यंत आले, तेव्हा ती म्हणाली, "खरं सांग. उतरायचा न्हाय न्हवं ह्यो?"

"न्हाय. जपायचा फक्त."

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"पहिल्या दिवसापास्नं."

तिनं डाव्या हातानं पाळण्याला झोका दिला. मग म्हणाली, "तवाच सांगायचंस की गं. मी रगडलं नसतं."

बोटं थांबली माझी.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "कर की."

मी पुन्हा मानेपासून सुरुवात केली.