इन्स्पेक्टरची बायको

त्या दिवशी हे वाचता वाचता थांबले. मला वाटलं, भाव खातायत. गोष्ट रंगात आली की थांबायचं आणि चहा मागायचा, ही सवयच त्यांची. मी पोळ्या लाटत होते. मागं न बघताच म्हटलं, "नाटकं पुरे. चहा ठेवलाय, वाचा पुढं." वाचलंच नाही. वळून बघितलं तर पुस्तक मांडीवर आणि मान खाली. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली, त्यांचा काही दोष नाही.

आमचे हे, दिनकर. इथं हॉलंडात, बाडहूव्हडॉर्पला, बावीस वर्षं झाली आम्हाला. ह्यांचं विमानतळावर मालाच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम. साडेपाचला घरी येऊन सायकल लावली, पाय हीटरवर टाकले, की पुस्तक उघडलंच. खुनाबिनाचंच लागायचं. म्हणायचे, "दिवसभर माझं डोकं चाललं, आता दुसऱ्याचं चालू दे." आणि मोठ्यानं वाचायचे, माझ्यासाठी. मी सातवी. वाचता येतं, पण एक पान होईपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या होतात.

पुस्तकं आमच्या मराठी लोकांतच फिरतात. भारतात जाईल त्यानं एक आणायचं, मग ते यादीप्रमाणे घरोघर, दोन दोन आठवडे.

ह्या पुस्तकातली इन्स्पेक्टरची बायको मला फार आवडायची. काय तोंड होतं तिचं! "चोर सापडतात, स्वतःचा चष्मा सापडत नाही होय?" म्हणायची. तो घरी आला की त्याला मेथी निवडायला बसवायची आणि निवडता निवडता केस सोडवून द्यायची. मी म्हणायची, "शिका काहीतरी." तर हे म्हणायचे, "मेथी आहे का घरात?"

तेरावं झालं, माणसं गेली, आणि मला एकच लागून राहिलं. गोष्ट अर्धी राहिली. त्या बाईनं खुनी पकडला का नाही? आमच्या यश आणि अवनीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. मी बसले एकदोनदा, पण डोळे भरून यायचे, अक्षरंच दिसायची नाहीत.

मग रविवारी दुपारी आल्मेरेहून शशिकांत भावजी आले. ह्यांचे ऑफिसातले मित्र. पुस्तकासाठी यादीत पुढचा नंबर त्यांचा.

"वहिनी, पुस्तकाची घाई नाही हं."

"न्या हो. पण आधी मला शेवट वाचून दाखवा."

बसले बिचारे. खूण होती तिथून वाचायला लागले. दहा पानं झाली, वीस झाली.

मी म्हटलं, "भावजी, बायको कुठंय?"

"कुणाची?"

"इन्स्पेक्टरची हो!"

त्यांनी पानं मागं चाळली. पार पहिल्या पानापर्यंत गेले. "वहिनी, ह्याला बायकोच नाही. इथं लिहिलंय बघा, एकटा राहतो, खाणावळीत जेवतो."

मी पुस्तक हातात घेतलं, बोट फिरवून बघितलं. चष्मा नाही, मेथी नाही, काही नाही.

अवनी सोफ्यावरून म्हणाली, "आई, दॅट वॉज यू. ऑब्व्हियसली."

यश हसायला लागला. मग मीपण. मग रडले थोडी.

भावजींनी पुस्तक पिशवीत घातलं, जॅकेट चढवलं. दारात थांबले. म्हणाले, "मग ती काय म्हणत होती? खुनी कोण?"

"कोण म्हणजे? मॅनेजर. शर्टाची बटणं नवीन होती ना त्याच्या. बसा तुम्ही, नीट सांगते."

त्यांनी जॅकेट काढलं. ती बस गेली त्यांची. पुढचीपण गेली.