बाब क्रमांक एक

"चौथा? मी चौथा व्हय?"

उपाध्यक्ष ओरडले आणि शाळेचे पत्रे थरथरले. खडूचा डबा टेबलावरून आपल्या पायानं खाली उतरला. तिकडं बिद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं करकचून ब्रेक मारला, असं माझा मेहुणा सांगतो, आणि मेहुणा माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो. उपाध्यक्षांचा यात काही दोष नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या घणाखाली वीस वर्षं काढलेला माणूस, कान तिथंच ठेवून आलेला. चहात साखर कमी आहे असं ते कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतून वाटी येते.

"मानाचा क्रम हाय," मी म्हणालो. "अध्यक्ष, म्हणजे मी, एक नंबर. ज्यांच्या आज्यानं शाळंला जागा दिली ते दोन. सरपंचांचं मेव्हणं तीन. मग तुम्ही."

"मेव्हणं हुण्यात कसला आलाय मान? मी झेंड्याचा खांब एकट्यानं उभा केलाय!"

"वाकडा केलाय की."

"वाकडा असंल, पर उभा हाय!"

ही आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. गावच्या शाळेचं भलं पालकांनीच ठरवावं म्हणून सरकारनं ही समिती काढली. सरकार भोळं असतं.

झालं होतं असं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रशिक्षणाला गारगोटीला निघाल्या. जाताना माझ्या हातात एक तक्ता दिला. "शाळा सुधारायचा आराखडा आहे. सगळ्यांनी बसून प्राधान्यक्रम ठरवा. पहिला क्रमांक कशाला द्यायचा, हे मी सांगायला नको." असं म्हणून त्यांनी नजर पोरींच्या स्वच्छतागृहाकडं वळवली. तिथं दिवाळीपासून दाराच्या जागी पोतं लटकत होतं. तीन बैठका बाई 'दार, दार' म्हणत होत्या. तिन्ही वेळा आम्ही एकमुखानं 'झालंच पायजे' म्हणालो आणि गेटवरच्या कमानीच्या विषयाकडं वळलो. त्यामुळं मला वाटलं, पहिला क्रमांक माझाच, पण तोंडावर कौतुक करायला बाई लाजतात, म्हणून तिकडं बघतात.

तक्त्यात पहिल्याच रकान्यावर छापलेलं, 'बाब'. मी पोट धरून हसलो. छापणाऱ्यानं काना खाल्लेला! स्वतःच्या पेनानं तो देऊन टाकला. 'बाबा.' सरकार विचारतंय, समितीत बाबा कोण कोण, आणि त्यांचा क्रम काय. पुढं 'सद्यस्थिती' आणि 'अपेक्षित काम'.

समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम. आमच्यात होत्या की. सतरंजीच्या मागच्या टोकाला बसायच्या आणि सांगितलं तिथं सही करायच्या. आता बाईमाणसाला 'बाबा' कसं लिहायचं? म्हणून गाळलं. त्यातल्या एकीनं तोंड उघडलं, "पर दाराचं..."

"थांबा वो वैनी, आधी क्रम लागू दे."

शेवटी उपाध्यक्षांना '२ अ' दिला तेव्हा गाव शांत झालं. सद्यस्थितीत मी माझ्यापुढं 'भक्कम' लिहिलं. जागावाल्यांनी 'वडिलोपार्जित' लिहायला लावलं. उपाध्यक्षांनी अपेक्षित कामात एकच शब्द सांगितला, तोही असा की लिहायच्या आधीच कागदावर उमटला. 'फेटा.' त्याच संध्याकाळी तक्त्याचा फोटो तालुक्याला रवाना.

आठव्या दिवशी टेप घेऊन इंजिनिअर साहेब हजर. शेजारी मोठ्या बाई, हसतमुख. त्यांना वाटलं, दाराचं माप घ्यायला आले.

"बाब क्रमांक एक, अध्यक्ष," साहेबांनी वाचलं. "हे बांधकाम कुठंय?"

"मीच की."

साहेबांनी मला पायापासून माथ्यापर्यंत बघितलं. "सद्यस्थिती भक्कम. मग दुरुस्ती कशाची?" मी लाजलो. ते पुढं सरकले. "दोन अ. अपेक्षित काम, फेटा. फेटा म्हणजे... छत का?"

"व्हय, डोस्क्यावरचं!" उपाध्यक्ष.

"गळती?"

"सर्दीपुरती!"

बाईंनी साहेबांच्या हातातला कागद घेतला. वाचला. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, त्यातल्या काही तर गोडही लागल्या. पण बाई ओरडल्या नाहीत.

"अध्यक्ष, तुमची मुलगी सातवीत आहे ना? संध्याकाळी तिची पाण्याची बाटली बघता का कधी?"

"बघतो की. भरल्याली असती. पोरगी काटकसरी हाय माझी, उंटाच्या जातीची."

"ती दिवसभर पाणी पीत नाही. एकही मुलगी पीत नाही. पोतं वाऱ्यानं उडतं."

मी तिकडं बघितलं, पोतं उडतच होतं.

मग मात्र आम्ही तालुक्याची वाट बघितली नाही. उपाध्यक्षांनी शिरोलीहून लोखंडी दार करून आणलं. एवढं जड, की टेम्पोची पुढची चाकं गाव येईपर्यंत रस्त्याला टेकली नाहीत. आता एवढं दार बसवायचं आणि उद्घाटन नाही, असं कसं? फीत आली, नारळ आला, फोटोवाला आला. मानाचा प्रश्न यावेळी शहाणपणानं सोडवला. एकाच कात्रीला पाच जणांनी हात लावला.

अडचण एवढीच, की कडी आत, आणि आम्ही सगळे बाहेर. दार आपल्याच वजनानं उघडायचं आणि फीत ढिली पडायची. फोटोत आम्ही लोंबणारं काहीतरी कापतोय असं दिसायला लागलं. उपाध्यक्षांनी पाना काढला, आतली कडी सोडून बाहेरनं ठोकली. दार घट्ट, फीत ताठ. मागनं त्याच वैनी पुढं आल्या, "अवो, पर..."

"थांबा वो वैनी, फोटो निघू दे!"

फोटो झकास निघाला. मी तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला, काही ग्रुपवर दोनदा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी छाती काढून घरात शिरलो. पोरगी अभ्यासाला बसलेली. तिच्या दप्तरातनं बाटली उपसली. सकाळी भरली होती तशी, तोंडापर्यंत.

"अगं, दार बसलंय की! हत्ती धडकला तरी हलायचं न्हाय. मग पाणी का प्याली न्हाईस?"

तिनं वहीतनं मान वर केली नाही.

"कडी भायेरनं हाय, पप्पा."